सव्वानऊची तयारी

रात्री २.३०

गादीवर हालचाल होते. लेक कुशीवर वळते, डोळे अर्धवट उघडते, गोधडीचा कोपरा हाताला लागतो का ते चाचपते आणि पुन्हा झोपी जाते. मिनिटभरही जात नाही. पलंगावरून आम्हा दोघांपैकी कुणालाच उतरावं लागत नाही.

दिवस इथून मोजायचा, कारण आमची सगळी खटपट या एका मिनिटासाठी आहे. लहान मुलाची झोप सलग नसते. मोठ्या माणसाचं झोपेचं एक चक्र सुमारे दीड तासाचं, अडीच वर्षांच्या मुलाचं त्याहून छोटं, तासाभराच्या आसपास. प्रत्येक चक्र संपताना झोप इतकी पातळ होते की मूल जवळजवळ जागंच होतं. आपणही होतो, फक्त सकाळी आठवत नाही. झोप लागताना भोवती जे होतं ते अजून तसंच असेल, तर मूल पुढच्या झोपेत उतरतं. पाठीवर थोपटणारा हात असताना झोप लागली असेल आणि आता तो हात नसेल, तर काहीतरी बदललंय हे त्याला कळतं आणि ते रडत उठतं. मग तोच हात, तितकाच वेळ, पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या घरी रात्रीतून दोन-तीनदा हे चालायचं. बायको नर्स आहे. सकाळची पाळी असली की ती सहाला घराबाहेर पडते, आणि रात्रपाळी असली की घरीच नसते. तिच्या हाताची लय लेकीच्या अंगवळणी पडलेली, माझी नाही. ती ड्युटीवर असलेल्या रात्री बापलेक दोघंही जागे. लेक हट्टी नव्हती. ज्या मदतीने झोप लागत होती, तीच मदत ती प्रत्येक वेळी मागत होती, इतकंच. म्हणून आम्ही ठरवलं की झोपेचा शेवटचा टप्पा तिचा तिने चालायचा, म्हणजे घरात कोण आहे, कोण नाही, यावर तिची रात्र अवलंबून राहणार नाही.

ज्या घरात मूल थोपटल्यावर पाच मिनिटांत झोपतं, रात्रभर झोपतं आणि थोपटणाऱ्यालाही त्यात सुख वाटतं, त्या घराने काहीही बदलू नये. थोपटण्यात चूक काहीच नाही.

सकाळी ७

रात्र कशीही गेली असली तरी सातला पडदे सरकतात. रविवारीही.

झुरिकचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली झोपेची जी मांडणी केली, ती या विषयात आजही पायाभूत मानली जाते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे झोप दोन गोष्टींनी ठरते. एक, जागेपणी तासागणिक साचत जाणारा झोपेचा दाब. दुसरी, शरीरातलं घड्याळ, जे दिवस-रात्रीच्या उजेडाशी जुळवून घेतं. रात्री सव्वानऊला हा दाब पुरेसा साचलेला हवा आणि घड्याळानेही रात्र झाल्याचं सांगितलेलं हवं. दोन्ही जुळले तर मुलाला झोप येते. एक जरी चुकलं तर अंधार करा, गाणं म्हणा, रागवा, मूल टक्क जागं.

दोन्हींची सुरुवात सकाळी होते. त्यामुळे दात घासले की आजी, म्हणजे माझी आई, तिला घेऊन बाल्कनीत जाते. तुळशीला पाणी घालायचं काम लेकीचं. अर्धं पाणी कुंडीत, अर्धं खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, तरी ते काम तिच्याकडून काढून घेतलेलं नाही. डोळ्यांत सकाळचा उजेड जायला हवा, आणि तो बाल्कनीत जातो.

सकाळी ८.१५

बाजूच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर पाळणाघर आहे. २०१७ च्या कायदादुरुस्तीने मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक माणसं जिथे कामाला असतात तिथे पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं. तरी आमच्या ओळखीतल्या नोकरदार घरांचा भार आहे तो अशा घरगुती पाळणाघरांवर, आणि ती चालवणाऱ्या काकूंवर. लेकीला काकूंच्या हाती देऊन मी स्टेशन गाठतो. डोंबिवलीहून फास्ट लोकलने तासाभराहून थोडं अधिक, मग फोर्टातलं ऑफिस. तिथल्या तासांबद्दल इथे सांगण्यासारखं काही नाही.

दुपारी १

जे सांगायचं ते दुपारी पाळणाघरात घडतं. रजेच्या एका दिवशी मी ते डोळ्यांनी पाहिलं आणि आमची दिशा तिथे ठरली.

मुलं दहा-बारा. सगळ्यांचं वरणभात-तूप जेवून झालेलं. काकू एकेकाला शू करवून आणतात, तोंड पुसतात. चटया रांगेत घातल्या जातात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते. लेकीची कपाटाजवळची. खिडकीचा पडदा ओढला जातो, पंखा एकवर येतो. मग काकू मधोमध खुर्ची घेऊन मटार सोलायला बसतात आणि सोलता सोलता गुणगुणतात, रोज तेच गाणं, तेही अर्धंच. कुणी उठून बसलं तर उठतात, त्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवतात, "मी हाय हितंच," म्हणतात आणि परत खुर्चीत. कुणाजवळही रेंगाळत नाहीत. पंचवीस मिनिटांत खोली झोपलेली होती. माझी मुलगी, जिला घरी झोपवायला तास-तास लागायचा, ती कपाटाकडे तोंड करून, आपला कान कुरवाळत, कुणाचाही हात न लागता झोपली.

मी काकूंना विचारलं, हिला थोपटावं लागत नाही का?

"दादा, हात दोन आन् पोरं बारा. थोपटत बसले तर शेवटचं पोर चारला झोपंल. पयल्या आठवड्यात रडतात. मी जवळ बसते. मंग त्यांना कळतं की बाई कुटं जात नाही. एकदा कळलं की झोपतात आपलीआपली."

झोपेवरच्या पुस्तकांत जे मी पानंच्या पानं वाचलं होतं, ते या तीन-चार वाक्यांत होतं. मुलीला एकटीने झोपता येत होतंच. जागा तीच, क्रम तोच, आवाज तोच, आणि मोठं माणूस जवळ आहे पण चिकटून नाही, एवढं जुळलं की तिला ते जमत होतं. घरी तेवढंच उभं करायचं होतं. मूल पाळणाघरात सहज झोपतं आणि घरी झोपत नाही, अशी तक्रार अनेक आईबाप करतात आणि ती सांगताना त्यांना वाईट वाटतं. वाईट वाटून घेऊ नये. त्या खोलीत जाऊन एकदा बसावं आणि काकू काय करतात ते पाहावं.

दुपारी २.४५

काकू लेकीला उठवतात. ही आमची विनंती. पूर्वी ती साडेचारपर्यंत झोपायची आणि रात्री दहापर्यंत तिचे डोळे लख्ख असायचे. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साचतं आणि झोपेत ते ओसरतं. साडेचारला उठलेल्या मुलाच्या मेंदूत नऊपर्यंत ते पुरेसं साचलेलं नसतं.

माझ्या आईला हे पटायला वेळ लागला. झोपलेल्या लेकराला उठवू नये हे तिने तिच्या आईकडून ऐकलेलं. मी तिच्याशी वाद घातला नाही. दोन-चार दिवस करून पाहू म्हटलं आणि रात्रीचा फरक तिचा तिलाच दिसला. मात्र दुपारची झोप पूर्ण बंद करण्याचं हे वय नाही. बहुतेक मुलं तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान आपणहून ती सोडतात. त्याआधी काढून घेतली की मूल संध्याकाळी सातला कोसळतं किंवा इतकं थकतं की थकव्यानेच झोपत नाही, किरकिरतं, धावतं, पडतं, रडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत एक वर्षावरच्या आणि तीन वर्षांखालच्या मुलाला दिवस-रात्र मिळून ११ ते १४ तास झोप सांगितली आहे. आमचे रात्रीचे पावणेदहा आणि दुपारचे पावणेदोन मिळून साडेअकरा होतात.

संध्याकाळी ५.३०

आजी लेकीला पाळणाघरातून घेऊन बागेत जाते. घसरगुंडी, मातीत लोळणं, दुसऱ्याच्या चेंडूमागे पळणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनांत या वयाच्या मुलांना दिवसाला निदान तीन तास हालचाल हवी असंही म्हटलंय, आणि आमच्या छोट्या घरात तेवढी होणं अशक्य आहे. सध्या मैदानात ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू आहे. गणपती जवळ आले की संध्याकाळ त्या ठेक्याने भरून जाते. लेक कानावर हात ठेवून नाचते.

पावसाचे दिवस सर्वांत अवघड. मग जिन्यावरून वरखाली, पार्किंगमध्ये तीनचाकी. मोबाईल देऊन बसवणं सोपं असतं आणि दिवसभर गुडघे धरून बसलेल्या आजीने ते केलं तर तिला बोल लावायला जीभ रेटत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नको, दोन ते पाच वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं सांगितलं. आमच्याकडे तो तास सहाच्या आत संपतो. पुण्याच्या आत्याशी व्हिडिओ कॉलही त्याच्या आतच. सहानंतर फोन देव्हाऱ्यावरच्या फळीवर.

संध्याकाळी ७

दिवेलागण. आजी निरांजन लावते, लेक हात जोडून शुभंकरोती म्हणते, म्हणजे प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द म्हणते.

तिन्हीसांजेला झोपू नये, हा आजीचा नियम. तिच्या दृष्टीने ती लक्ष्मी यायची वेळ. मला तो नियम दुसऱ्या कारणासाठी मोलाचा वाटतो. संध्याकाळी सहा-सातला लागलेली वीस मिनिटांची डुलकी दिवसभर साचलेला झोपेचा दाब बराच उतरवते आणि रात्रीची झोप लांबवते. या वेळी मुलाला जागं ठेवायला दिवा लावणं, हातपाय धुणं, सगळ्यांनी एकत्र बसून म्हणणं, याहून चांगली सोय मला माहीत नाही.

निरांजनानंतर घरातला उजेडही उतरतो. अमेरिकेत बोल्डर इथल्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या मुलांना झोपेच्या आधी तासभर प्रखर उजेडात खेळायला बसवलं आणि त्यांच्या लाळेतलं मेलाटोनिन मोजलं. रात्र झाल्याचा निरोप शरीराला देणारं हे संप्रेरक जवळजवळ ८८ टक्क्यांनी घटलं, आणि दिवे मालवल्यावर पन्नास मिनिटांनीही बहुतेक मुलांत ते सावरलं नव्हतं. लहान मुलांच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या उघडतात आणि डोळ्यांतलं भिंग नितळ असतं, त्यामुळे तोच उजेड त्यांना आपल्यापेक्षा अधिक जाणवतो. हे वाचल्यावर हॉलमधली ट्यूबलाइट साडेसातला बंद होऊ लागली. कोपऱ्यातला पिवळा दिवा पुरतो. आजीने तिची साडेआठची मालिका दुसऱ्या दिवशी दुपारच्या पुनःप्रक्षेपणात पाहायला सुरुवात केली. या घरात झोपेसाठी सर्वांत मोठा त्याग कुणी केला असेल तर तो तिने, आणि कुणी न सांगता.

पावणेआठला जेवण. मऊ भात, वरण, मेतकूट, कधी पालकाची पातळ भाजी. पालेभाजी आणि वरती पिळलेल्या लिंबाचा आमचा आग्रह असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. शरीरात लोह कमी असलं की काही मुलं रात्री पाय झाडतात, तळमळतात. झोपेची सवय लावायला बसण्याआधी डॉक्टरांनी हे आणि आणखी एक विचारलं होतं: मुलगी घोरते का? रोज घोरणाऱ्या, तोंड उघडं टाकून झोपणाऱ्या मुलाचे टॉन्सिल किंवा नाकामागच्या अ‍ॅडेनॉइडच्या गाठी वाढलेल्या असू शकतात. तिथे सवयीचा प्रश्न नसतो, श्वासाचा असतो, आणि आधी तो सोडवायचा.

रात्री ८.१०

मी घरी येतो. दारातून "बाबाऽऽ" अशी आरोळी, चपला काढायच्या आत पायाला मिठी.

नोकरी करणाऱ्या बापाचा खरा पेच हाच आहे. दिवसभराने लेकीचा चेहरा दिसतो आणि तासाभरात तिला झोपवायचं असतं. माझ्या येण्याने घर जागं होतं. साडेसातला मुलं झोपवा असं सांगणारी परदेशी पुस्तकं मी बाजूला ठेवली ती या कारणाने. २०१० साली सतरा देशांतल्या आणि प्रदेशांतल्या २९ हजारांहून अधिक तान्ह्या आणि रांगत्या-चालत्या मुलांच्या झोपेची तुलना प्रसिद्ध झाली, तिच्यात भारतही होता. न्यूझीलंडची मुलं सरासरी साडेसातच्या सुमाराला झोपत होती, हाँगकाँगची सव्वादहाला. आशियातली बहुतेक मुलं आईबापांच्या खोलीतच झोपत होती. लोकलने आठला घरी पोचणाऱ्या माणसाने न्यूझीलंडची वेळ धरली तर त्याला मूल फक्त रविवारी दिसेल.

म्हणून पहिली वीस मिनिटं तिची. घोडा-घोडा, उशांची मारामारी, पाठीवर बसून हॉलच्या दोन फेऱ्या. ती तिला पुरेपूर मिळतात, त्या वेळात माझा फोन पिशवीतच असतो. साडेआठ वाजता घोडा पाणी प्यायला जातो आणि त्यानंतर परत येत नाही. ही वीस मिनिटं ज्या दिवशी गाडीच्या खोळंब्यात जातात, त्या दिवशी रात्री ती गादीवरून चारदा उठते. तिच्या हक्काचं काहीतरी राहिलंय हे तिला सांगता येत नाही, ती उठून ते मागते.

रात्री ८.३५

कोमट पाण्याने आंघोळ किंवा निदान हातपाय, मग खोबरेल तेलाचा हात. दूध कपात, दात घासण्याच्या आधी. बाटली तोंडात ठेवून झोपणं तिने सोडलं तेव्हा दंतवैद्यही सुटल्यासारखं हसले. रात्रभर दातांवर दूध राहिलं की दुधाचे दात किडतात.

शू. गुलाबी की पिवळा पायजमा, ते ती ठरवते. कोणतं पुस्तक, ते ती ठरवते. झोपायचं की नाही, हे मात्र विचारायचं नाही. "झोपायचं का रे सोन्या?" असं विचारलं की अडीच वर्षांचं मूल प्रामाणिकपणे "नाही" म्हणणार, आणि मग त्याच्या उत्तराला आपण मान देत नाही हेही ते शिकणार.

क्रम कधी बदलत नाही. फिलाडेल्फियाच्या जोडी मिंडेल यांनी २००९ साली ४०५ आया आणि त्यांची तान्ही व लहान मुलं घेऊन केलेल्या अभ्यासात आंघोळ, मालिश, शांत गोष्टी आणि अर्ध्या तासात दिवा बंद, एवढाच क्रम दोन आठवडे पाळला गेला. मुलं लवकर झोपू लागली, रात्री कमी उठू लागली, आणि आयांचं मनही हलकं झालं. मला या शेवटच्या गोष्टीचं महत्त्व फार वाटतं. थकलेल्या आईला सल्ले भरपूर मिळतात, विसावा क्वचित.

दोन गोष्टी. पहिली तिच्या आवडीची, दुसरी नेहमी चिऊकाऊची. मेणाचं घर, शेणाचं घर, पाऊस आणि दार ठोठावणारा काऊ. काऊला शेवटी काय होतं ते आजी वेगळं सांगते, मी वेगळं सांगतो. आमच्या घरात काऊ आत येऊन कोपऱ्यात झोपतो. झोपायच्या वेळेला चटका बसणारा शेवट मला नको आहे. त्याच कारणाने बागुलबुवाही घरातून गेला. "झोप, नाहीतर बागुलबुवा येईल" हे वाक्य माझ्या लहानपणी सर्रास ऐकू यायचं. अडीच-तीन वर्षांच्या वयात कल्पना उमलते, आणि तिच्याबरोबर अंधाराची भीतीही. ज्या अंधारात मुलाने एकट्याने झोपावं असं आपल्याला वाटतं, त्यात आपणच कुणाला आणून बसवायचं नाही. शेजारच्या काकांनी गमतीने बागुलबुवाचं नाव काढलं तेव्हा मी त्यांना हात जोडून थांबवलं.

रात्री ९.१५

आज्जीला पापा, देवबाप्पाला नमस्कार, पंख्याला टाटा. पाण्याची वाटी गादीशेजारी, गोधडी अंगावर. आजीच्या जुन्या लुगड्याची ती गोधडी, तिचा एक कोपरा कायम लेकीच्या मुठीत. दिवा बंद, स्वयंपाकघरातला उजेड दारातून थोडा आत.

मूल स्वतःहून झोपणं म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे वेगळी खोली, बंद दार आणि रडणारं बाळ येतं. बोस्टनच्या रिचर्ड फर्बर यांचं १९८५ चं पुस्तक जगभर गाजलं. दर वेळी थोडं अधिक थांबून मुलाकडे जायचं, ही त्यांची रीत ज्या घरांसाठी सांगितली गेली, त्या घरांत मुलाची खोली वेगळी असते. आमचं घर वन बीएचके. आजी हॉलमध्ये दिवाणावर, आम्ही तिघं आत. रडण्याचा आवाज वरच्या-खालच्या मजल्यांवर जातो आणि सकाळी लिफ्टमध्ये चौकशी होते. त्याहून मोठं कारण म्हणजे आजी. नात रडतेय आणि आजी हॉलमध्ये बसून घड्याळ बघतेय, हे आमच्या घरात होणार नव्हतं आणि व्हायलाही नको होतं.

आम्ही काकूंची रीत घेतली आणि ती सावकाश ताणली. पहिल्यांदा वेळ धरली ती तिला खरोखर झोप यायची, म्हणजे दहा. झोप आलेली नसताना गादीवर पडून राहिलं की मुलाच्या मनात गादी म्हणजे भांडणाची जागा होते. दहाला ती लवकर झोपू लागल्यावर वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणली. दुसरीकडे थोपटणं कमी केलं. आधी हात पाठीवर, पण स्थिर. मग हात काढून तिच्याजवळ आडवं होणं. मग जमिनीवर भिंतीला टेकून बसणं. मग उंबऱ्याशी. प्रत्येक पायरीला काही रात्री दिल्या. एखाद्या पायरीवर ती रडली तर जवळ जाऊन धीर दिला, उचललं मात्र नाही. ही हळूहळू मागे सरकण्याची रीत बालरोगतज्ज्ञ अनेक देशांत सुचवतात. मेलबर्नच्या संशोधकांनी तान्हेपणी अशाच रीतींनी झोपेची मदत मिळालेल्या मुलांना सहाव्या वर्षी पुन्हा तपासलं आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. मुलांच्या भावना, वागणं, आईबापांशी नातं, कशावरही वाईट परिणाम नव्हता. वेगळा दूरगामी फायदाही दिसला नाही. फायदा होतो तो आजच्या रात्री, त्या घराला. मला तेवढा पुरेसा वाटतो.

आता मी उंबऱ्याच्या पलीकडे आहे. "मी भांडी लावतो आणि तुला बघायला येतो," एवढं एकच वाक्य, रोज तेच. मग खरंच भांडी लावायची, आवाज होऊ द्यायचा. स्वयंपाकघर आणि तिची गादी यांत दहा पावलं. डाव, कढई, ताटं यांच्या खणखणाटातून तिला कळतं की बाबा कुठेही गेलेला नाही. एवढ्या लहान घराची ही मोठी सोय आहे. दोन मिनिटांत, तिने हाक मारायच्या आधी, मी जातो, गोधडी सारखी करतो, परत येतो. मग चार मिनिटांनी. "येतो" म्हटल्यावर माणूस येतोच, यावर तिचा विश्वास बसला आणि तिथून पुढे सगळं सोपं झालं. म्हणून "येतो" म्हणून न जाणं आम्हा तिघांनाही मना आहे. ती झोपली असावी असं वाटलं तरी जायचं.

हाका येतातच. बाबा पाणी. पाणी शेजारीच आहे. बाबा शू. एकदा नेतो, दिवा न लावता. बाबा, उद्या बाग आहे? आहे. तेच उत्तर, खालच्या आवाजात, थोडक्या शब्दांत, दारातून. बायको घरी असते तेव्हा तीही हीच वाक्यं बोलते आणि आजीही. तिघांचं बोलणं वेगवेगळं असतं तेव्हा लेक बरोबर त्यातलं सर्वांत मऊ माणूस शोधते. हुशार मूल आहे, शोधणारच.

आजी एकदा म्हणाली होती, "अरे, आम्ही चारही पोरं थोपटूनच मोठी केली, कोण बिघडलं?" कुणीच नाही. पण तेव्हा थोपटायला घरात तीन बायका होत्या, हेही तिनेच पुढे सांगितलं. आता ती रोज अंगाई म्हणते. झोपेच्या आधी एकदा, बसून, पूर्ण. अंगाई संपली की ती उठते.

ताप असला, मागची दाढ येत असली, की हे सगळं बाजूला. या वयात दुसऱ्या दाढा येतात आणि रात्री ठणकतात. तेव्हा कुशीत घ्यायचं, थोपटायचं, रात्रभर थोपटायचं. बरी झाली की दोन-तीन रात्रींत गाडी रुळावर येते. शिकलेलं पुसलं जात नाही.

रात्री १०.१५

लेक साडेनऊच्या आत झोपली. बायको दुपारपाळीहून आली, आम्ही दोघं स्वयंपाकघरात जेवतोय.

"गणपतीत काय करायचं?" ती विचारते.

पुढच्या आठवड्यात दापोलीकडे गावी जायचंय. माजघरात पंधरा माणसं ओळीने झोपणार, रात्री आरत्या, मग भजन, चुलतभावंडांची पोरं बारापर्यंत जागी. तिथे सव्वानऊ धरून बसणं म्हणजे लेकीला सणातून उचलून नेणं. तसं करायचं नाही, यावर आमचं लगेच एकमत होतं. तिला आरतीत टाळ्या वाजवू द्यायच्या, झोप येईल तिथे झोपू द्यायचं, कुणी काकी-आत्या थोपटायला बसली तर बसू द्यायचं.

"गोधडी मात्र न्यायची," मी म्हणतो.

"आणि सकाळी सातला उठवायचं. दुपारी तीनच्या पुढे झोपवायचं नाही."

"परतीच्या गाडीत संध्याकाळी झोपली तर?"

"मी खिडकीशी घेऊन बसते. बोगदे मोजायला लावते." ती ताट उचलते. "आल्यावर पहिल्या दिवशी माझी सुट्टी आहे. त्या रात्री मी उंबऱ्याशी बसेन, तू भांडी लाव."